चूक झाली, पुढे काय? निवासी डॉक्टर आणि रुग्णसुरक्षा : वाचकांचे प्रश्न

रुग्णसुरक्षा निवासी डॉक्टरांना शिकवायची कशी, या विषयावर प्रश्न मागवल्यावर प्राध्यापक, जेआर (ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर; पुढचा आकडा वर्षाचा), मेट्रन आणि पालक अशा सगळ्यांची पत्रं आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : नव्या जेआर-१ च्या तुकडीला इंडक्शनमध्ये रुग्णसुरक्षेवर एक तासाचं लेक्चर असतं. मुलं ऐकतात आणि विसरतात. त्याच एका तासात वेगळं काय करता येईल?
— सहयोगी प्राध्यापक, मेडिसिन, विदर्भ

स्लाइड बाजूला ठेवा आणि टेबलावर वॉर्डातलंच सामान मांडा. रेसिडेंटच्या हातून होणाऱ्या औषधांच्या चुका बऱ्याचदा अज्ञानातून होत नाहीत. एकसारखी दिसणारी वस्तू, चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू आणि रात्रीची घाई एकत्र आली की त्या होतात. ते हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

पहिलं टेबल इन्सुलिनचं. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलि आणि १०० युनिट प्रति मिलि अशी दोन्ही प्रकारची इन्सुलिन मिळतात. ४० साठी लाल टोपीची सिरिंज आणि १०० साठी नारिंगी टोपीची. प्रत्येकाला १०० ची व्हायल आणि लाल टोपीची सिरिंज देऊन ‘२० युनिट काढा’ म्हणून सांगा. बहुतेक जण २० च्या खुणेपर्यंत ओढतील. मग हिशेब करायला लावा. लाल सिरिंजमध्ये २० ची खूण म्हणजे अर्धा मिलि, आणि १०० च्या इन्सुलिनचा अर्धा मिलि म्हणजे ५० युनिट. अडीचपट डोस! आता उलट करा. ४० ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज घेतली तर २० च्या खुणेला ०.२ मिलि येतं, म्हणजे फक्त ८ युनिट. पहिल्या चुकीत रुग्ण पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध सापडतो. दुसरीत साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेला जातो, आणि कधीतरी कोणी योग्य सिरिंज वापरली की तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. पेनची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने इन्सुलिन ओढणं हा वॉर्डातला नेहमीचा जुगाड आहे. पेनमधलं इन्सुलिन सहसा १०० चं असतं, हे त्याच वेळी सांगा.

दुसरं टेबल पोटॅशियम क्लोराइडचं. १५ टक्के द्रावणाच्या १० मिलि अँप्युलमध्ये २० एमईक्यू (मिलीइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लटकवलेल्या बाटलीत खालच्या बुचातून पोटॅशियम सोडून बाटली हलवली नाही, तर ते तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशीच साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत घट्ट स्वरूपात शिरेत जातं. कागदावर ‘५०० मिलित २० एमईक्यू’ असतं, रुग्णाला मिळतं भलतंच. पारदर्शक बाटलीत पोटॅशियमऐवजी मिथिलीन ब्लूचे दोन थेंब सोडून दाखवा, रंग तळाशी बसलेला डोळ्यांनी दिसतो. बाटली खाली काढा, औषध घाला, दहा वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मग लटकवा. हाताच्या शिरेतून ताशी १० एमईक्यू ही सर्वसाधारण मर्यादा, त्याहून वेगाने द्यायचं तर मॉनिटर हवा.

तिसऱ्या टेबलावर हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, ठेवा. ५ मिलिच्या व्हायलमध्ये कधी एकूण ५,००० युनिट असतात, कधी २५,०००. लेबलावर मोठ्या अक्षरात काय आहे आणि बारीक अक्षरात काय, ते वाचायला लावा.

उरलेल्या दहा मिनिटांत हस्ताक्षर. इंग्रजी ‘यू’ अक्षर शून्यासारखं वाचलं जातं आणि ४ युनिटचे ४० होतात, म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. दशांशचिन्हानंतर उगाच शून्य द्यायचं नाही, कारण १.० चे १० होतात. दशांशाआधीचं शून्य मात्र गाळायचं नाही, ०.५ असंच लिहायचं. मेथोट्रेक्सेट ‘आठवड्यातून एकदा’ असेल तर वार लिहायचा, ‘दर सोमवारी’. रोज घेतलेलं मेथोट्रेक्सेट अस्थिमज्जा उद्ध्वस्त करतं, आणि ही चूक बरेचदा डिस्चार्ज कार्डावर होते.

एक विनंती. हा तास झाल्यावर त्याच आठवड्यात वॉर्डातल्या कपाटातून पोटॅशियमच्या अँप्युल वेगळ्या, कुलपाच्या खणात हलवा आणि त्या कामाला जेआरना सोबत घ्या. अँप्युल जागच्या जागी राहिल्या तर शिकवलेलं तुम्ही स्वतःच खोडून काढता.

प्रश्न : इमर्जन्सी डे नंतर सकाळी ओव्हर देताना (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना) काहीतरी राहूनच जातं. कधी पेंडिंग सीटी, कधी ब्लड. ठरलेली पद्धत आहे का?
— जेआर-२, सर्जरी, मुंबई

आहे, आणि तिची नीट तपासणी झालेली आहे. ‘आय-पास’ ही पद्धत अमेरिका आणि कॅनडातल्या ९ रुग्णालयांत बालरोग विभागाच्या रेसिडेंटना शिकवली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. ओव्हरला लागणारा वेळ मात्र वाढला नाही. ‘आम्हाला एवढा वेळ कुठे’ म्हणणाऱ्या सीनियरला हे जरूर सांगा.

क्रम असा. आधी रुग्ण किती गंभीर आहे ते एका शब्दात : स्थिर, लक्ष ठेवण्यासारखा की गंभीर. मग दोन-तीन वाक्यांत माहिती. मग कामांची यादी, प्रत्येक कामापुढे वेळ आणि करणाऱ्याचं नाव. ‘सीटी बघायचा आहे’ हे काम झालं नाही, ‘११ वाजता सीटी, रिपोर्ट तू रेडिओलॉजीत जाऊन बघ, फ्री एअर (पोटात मोकळी हवा) असेल तर लेक्चररला लगेच फोन’ हे काम झालं. चौथ्या पायरीवर ‘असं झालं तर काय’. युरिन आउटपुट ताशी ३० मिलिच्या खाली गेलं तर काय करायचं, हे रात्रभर त्या रुग्णाला पाहिलेल्यालाच ठाऊक असतं आणि नेमकं तेच सांगायचं राहतं. शेवटी ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं.

ही पाचवी पायरीच सगळे गाळतात. ‘हो हो, कळलं’ म्हणजे परत सांगणं नव्हे. जेआर-१ ला लाज वाटते आणि जेआर-३ ला घाई असते, म्हणून सुरुवातीचे पंधरा दिवस लेक्चररने ओव्हरला उभं राहून ही एकच पायरी तपासावी. ओव्हर गंभीर रुग्णांपासून सुरू करा, खाट क्रमांक १ पासून नको. पंचविसाव्या खाटेपर्यंत कुणाचंच लक्ष उरत नाही. आणि ड्युटीवरच्या सिस्टर सोबत हव्यात. त्यांची ओव्हर वेगळ्या वेळी आणि तुमची वेगळ्या वेळी झाली की एकाच रुग्णाचे दोन वेगवेगळे प्लॅन वॉर्डात फिरू लागतात.

प्रश्न : आमच्याकडे दर महिन्याला मृत्यू आढावा बैठक होते. पण ती शेवटी केस मांडणाऱ्या रेसिडेंटला झापण्यावर येते. मुलं घाबरून माहिती लपवतात. बैठक कशी घ्यावी?
— विभागप्रमुख, शासकीय महाविद्यालय

मुलं लपवतात हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणजे दुखणं तुमच्या लक्षात आलेलं आहे. बैठकीची रचना बदलल्याशिवाय ते बरं व्हायचं नाही. ‘कुणाला बोलू नका’ अशी सूचना पहिल्याच तापलेल्या केसला विरघळते.

एका तासात एकच केस घ्या. मृत्यूच हवा असं नाही, थोडक्यात निभावलेली केस जास्त शिकवते, कारण लोक मोकळे बोलतात. अध्यक्ष त्या युनिटचा नसावा. सिस्टर इनचार्ज, फार्मासिस्ट आणि गरजेप्रमाणे ब्लड बँक किंवा लॅबचे तंत्रज्ञ खोलीत हवेतच. रेसिडेंटचं नाव कागदावर नको, ‘ड्युटीवरचा जेआर-१’ एवढं पुरे. आणि केस त्याच जेआरने मांडू नये, दुसऱ्या युनिटच्या जेआर-३ ने मांडावी.

मांडणी घड्याळाप्रमाणे. शेवट आधी सांगायचा नाही. निदान कळल्यावर सगळ्यांनाच वाटतं की हे तर उघड होतं. म्हणून प्रत्येक निर्णयाच्या टप्प्यावर थांबा आणि विचारा : ‘पहाटे ३ वाजले आहेत, एवढीच माहिती हातात आहे, तुम्ही काय कराल?’ खोलीतल्या प्राध्यापकांचीही उत्तरं वेगवेगळी येतात, आणि तिथेच झापण्याची हवा निघून जाते.

एक उदाहरण घेऊ. रक्तगटाचा नमुना चुकीच्या रुग्णाच्या नावाने गेला. ब्लड बँकेला गट जुन्या नोंदीपेक्षा वेगळा दिसला, म्हणून रक्त चढवण्याआधीच चूक सापडली. नेहमीचा निष्कर्ष : ‘जेआरने लेबल नीट लावलं नाही, समज देण्यात आली.’ आता पुढे विचारत जा. लेबल चुकलं कसं? एकाच नावाच्या दोन बाई शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. नाव विचारलं नाही का? विचारलं, दोघींनी ‘हो’ म्हटलं, कारण प्रश्न ‘तुम्ही अमुक का?’ असा होता. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असा हवा होता. लेबल खाटेपाशीच का नाही लावलं? आठ नमुने काढायचे होते, ट्यूब आणि पेन नर्सिंग स्टेशनवर, म्हणून आधीच लिहिलेल्या ट्यूब ट्रेमध्ये नेल्या. आठ नमुने एकट्याने पहाटे का? कारण सकाळी ७ च्या आत लॅबला पोहोचले नाहीत तर रिपोर्ट राउंडपर्यंत येत नाहीत. ही सकाळी ७ ची वेळ ठरवली कुणी? बहुधा कुणालाच आठवत नाही.

असं खणत गेलं की उपाय दिसायला लागतात, आणि त्यांचं बळ सारखं नसतं. परिपत्रक काढणं, समज देणं, पुन्हा लेक्चर घेणं हे सगळ्यात दुबळे उपाय. खाटेपाशी लेबल लावण्यासाठी छोटा ट्रे, मनगटावरची पट्टी, दुसऱ्या माणसाची तपासणी हे मधले. सगळ्यात भक्कम उपाय तो, जो चूक होऊच देत नाही किंवा रुग्णापर्यंत पोहोचू देत नाही. इथे तो असा : पहिल्यांदाच गट तपासला जात असेल तर वेगळ्या वेळी काढलेला दुसरा नमुना जुळल्याशिवाय ब्लड बँक गटाप्रमाणे रक्त देणार नाही, तातडी असेल तर ओ गटाच्या लाल पेशी देईल. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगाच्या औषधाचंही असंच आहे. ते पाठीच्या कण्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. सिरिंजवर ‘फक्त शिरेतून’ अशी कितीही लेबलं लावली तरी चुका झाल्या. लहान पिशवीत पातळ करून दिलं की लंबर पंक्चरच्या सुईला ते जोडावंसंच कुणाला वाटत नाही.

बैठकीतून जास्तीत जास्त दोन उपाय घ्या. प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. पुढची बैठक मागच्या दोन उपायांचं काय झालं यानेच सुरू व्हायला हवी. ते झाले नसतील तर का झाले नाहीत, याचं उत्तर रेसिडेंटने नव्हे, प्रमुखाने द्यायचं. ही एक गोष्ट तीन-चार महिने टिकली की मुलं आपणहून केसेस आणतात.

शिस्तीचं काय, असं कुणीतरी विचारेलच. हात घसरून झालेली चूक, सवयीने घेतलेला आडमार्ग आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत धीर द्या, दुसरीत समजावून तो आडमार्ग का पडला ते शोधा, शिक्षा फक्त तिसरीला. दारू पिऊन ड्युटीवर येणं किंवा न केलेली तपासणी लिहिणं या बैठकीचा विषयच नाही, त्यासाठी वेगळी चौकशी असते.

प्रश्न : चुकीचं औषध दिलं गेलंय हे मला कळलं, तर पहिल्या तासात मी नेमकं काय करायचं? नातेवाइकांना कोण सांगणार?
— जेआर-१, मेडिसिन

आधी रुग्ण. औषध थांबवा, लाइन राहू द्या, नळी मात्र बदला. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर बघा. त्याच मिनिटाला सीनियरला फोन करा, आणि फोनवर पहिलं वाक्य ‘चूक झाली आहे’ हेच असू दे : ‘खाट १२, हेपॅरिन पाचपट गेलंय, दहा मिनिटांपूर्वी, आत्ता रक्तदाब अमुक, तुम्ही लगेच या.’ गोलगोल बोलण्यात उताऱ्याची वेळ जाते.

रिकामी अँप्युल, पिशवी, सिरिंज, नळी काहीही फेकू नका. मावशींनाही तसं सांगा, नाहीतर सकाळच्या झाडझुडीत सगळं जातं. सगळं एका पिशवीत घालून वेळ लिहून सिस्टर इनचार्जकडे द्या. पंप वापरला असेल तर तो बंद करून बाजूला ठेवा, दुसऱ्या रुग्णाला लावू नका.

मग नोंद. केसपेपरवर तारीख, वेळ, काय दिलं गेलं, काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं. ‘बहुधा’, ‘सिस्टरने दिलं म्हणून’ असलं काही नको. जुन्या नोंदीवर गिरवू नका, व्हाइटनर लावू नका. दुरुस्ती असेल तर एकच आडवी रेघ, सही, वेळ. उशिरा लिहीत असाल तर ‘उशिराची नोंद’ असं स्पष्ट लिहा. मागची वेळ घालून लिहिलेली नोंद नंतर पकडली जाते, आणि मग प्रामाणिक चुकीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

नातेवाइकांना सांगायचं काम एकट्या जेआर-१ चं नाही. युनिटच्या वरिष्ठांनी सांगायचं, तुम्ही सोबत बसायचं. कॉरिडॉरमध्ये उभ्याने नको, बसून, एका खोलीत, घरातल्या एक-दोन जबाबदार माणसांपाशी. ‘कॉम्प्लिकेशन झालं’ या शब्दाआड लपू नका. असं बोलता येईल : ‘काकू, काकांना रक्त पातळ करणारं औषध ठरल्यापेक्षा जास्त गेलं. ही आमच्याकडून झालेली चूक आहे आणि त्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. आम्ही उतारा दिला आहे, दर तासाला तपासतो आहोत. हे कसं झालं ते शोधतोय, उद्या ११ वाजता मी स्वतः तुम्हाला सांगेन.’ आणि मग ११ वाजता खरंच जायचं, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी. जे माहीत नाही त्यावर अंदाज करू नका, दुसऱ्या विभागावर ढकलू नका.

हे संभाषण शिकवता येतं. दोन रेसिडेंट, एक सिस्टर नातेवाईक म्हणून, पंधरा मिनिटं. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण माफीचा शब्द उच्चारतच नाहीत.

आणि तुमच्याविषयी. त्या रात्री उरलेली ड्युटी दुसऱ्याने घ्यावी, हे मागायला लाजू नका. चुकीत सापडलेला डॉक्टर हा दुसरा बळी असतो, असं अल्बर्ट वू यांनी २००० साली लिहिलं, आणि ते अक्षरशः खरं आहे. झोप उडणं, पुढची सुई टोचताना हात थरथरणं, हे आठवडाभरात ओसरलं नाही तर मानसोपचार विभागात जा. गाईडनेही दुसऱ्या दिवशी चहाला बसवून विचारायला हवं, ते त्यांचं काम आहे.

प्रश्न : ‘थोडक्यात टळलं’ अशा घटना लिहून टाकायला पेटी ठेवली. सहा महिने रिकामी आहे.
— मेट्रन, पश्चिम महाराष्ट्र

पेटीत टाकलेल्या कागदाचं काय होतं हे कुणाला दिसत नसेल, तर कुणी का टाकावा? फॉर्म अर्ध्या पानाचा करा : काय झालं, कुठे, किती वाजता, कसं लक्षात आलं, काय बदलायला हवं. नाव नको. एक डॉक्टर आणि एक सिस्टर मिळून दर सोमवारी पेटी उघडतील, आणि शुक्रवारपर्यंत ड्युटी रूमच्या फळ्यावर लिहितील : ‘तुम्ही कळवलंत : दोन अँप्युल सारख्या दिसतात. आम्ही केलं : वेगळ्या खणात ठेवल्या.’ पहिलं काम लहान आणि लगेच होणारं निवडा. प्रशासनाला आधीच पटवा की सुरुवातीला कागद वाढणार आणि ते चांगलं लक्षण आहे. सर्वांत जास्त कागद आलेल्या वॉर्डाला एकदा जरी स्पष्टीकरण मागितलं, तरी पेटी कायमची बंद पडते. औषधाचा दुष्परिणाम असेल तर तो फळ्यावरच ठेवू नका, महाविद्यालयातल्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्राकडेही पाठवा.

प्रश्न : एवढं सगळं लिहून ठेवलं तर उद्या तेच कोर्टात आमच्याविरुद्ध येणार नाही का?
— सीनियर रेसिडेंट

भीती निराधार नाही. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने अशा अहवालांना गोपनीयतेचं संरक्षण मिळालं, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून शिकण्यासाठीच्या कागदावर रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव नको, दोष ठरवणारी भाषा नको, आणि तो केसपेपरला जोडायचा नाही. केसपेपर मात्र पूर्ण आणि खरा हवा. फौजदारी बाजूने, सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं आहे की डॉक्टरवर गुन्हा लागायला निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना झालेल्या अशा मृत्यूसाठी कमाल दोन वर्षं कैद आणि दंड आहे. प्रत्यक्ष प्रकरण उभं राहिलं तर वकिलाचाच सल्ला घ्या.

प्रश्न : मुलगी जेआर-१ आहे. सलग ३६ तास ड्युटी करते. अशात चुका होणार नाहीत का?
— एक आई, नाशिक

होणार. बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागात झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून कमी तासांच्या वेळापत्रकातल्या इंटर्नपेक्षा ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. आपल्याकडे १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिलेली आहे, पण ती पाळली जात नाही. हे तुमच्या मुलीच्या सोशिकतेवर सोडून देणं चूक आहे. विभागाने निदान एवढं करावं : २४ तास झालेल्या रेसिडेंटने केमोथेरपी, इन्सुलिन इन्फ्यूजन किंवा लहान मुलांच्या डोसचा हिशेब एकट्याने करायचा नाही, दुसऱ्याने स्वतंत्रपणे करून जुळवायचा. रात्री अर्ध्या तासाची झोप वेळापत्रकातच असावी, फोन तेवढा वेळ दुसऱ्याकडे.

प्रश्न : ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) सेफ्टी चेकलिस्ट आमच्याकडे केस संपल्यावर एकदम भरली जाते.
— भूलतज्ज्ञ

मग ती न भरलेलीच बरी, निदान कागद खोटं बोलणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ही १९ मुद्द्यांची यादी दिल्लीसह आठ शहरांत वापरली गेली, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. फायदा टिकमार्कने होत नाही, थांबून मोठ्याने बोलण्याने होतो. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर जाण्याआधी असे तीन थांबे आहेत. दुसरा थांबा जेआर-१ कडून वाचून घ्या आणि तो होईपर्यंत सिस्टरनी ब्लेड हातात द्यायचंच नाही, असं ठरवा. सर्जन घाईत असला तरी.

प्रश्न : जिल्हा रुग्णालयात डीआरपीसाठी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमसाठी) तीन महिने रेसिडेंट येतात. आमच्याकडे सिम्युलेशन लॅब नाही.
— वैद्यकीय अधिकारी

गरज नाही. महिन्यातून एकदा, न सांगता, वॉर्डातच दहा मिनिटांची ड्रिल घ्या. रिकाम्या खाटेवर उशी, आणि ‘रुग्ण श्वास घेत नाही’ अशी हाक. औषधं उघडू नका, फक्त हातात घेऊन दाखवायची. कोण किती सेकंदात पोहोचलं यापेक्षा सामान कुठे अडलं ते लिहा. सहसा सापडतं ते असं : ऑक्सिजन सिलिंडरची चावी दुसऱ्या वॉर्डात, लॅरिंगोस्कोपचा सेल संपलेला, अँबू बॅगला लहान मुलाचा मास्क नाही, सक्शनची नळी बसत नाही, क्रॅश ट्रॉलीच्या खणाला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या सिस्टरकडे. अ‍ॅड्रेनॅलिनवर मुद्दाम विचारा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत) मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिलि मांडीच्या स्नायूत, हृदय थांबलं असेल तर १ मिलिग्रॅम शिरेत. हे दोन घोळले की बोलत्याचालत्या रुग्णाला शिरेतून पूर्ण अँप्युल जाते.

ड्रिलनंतर पाच मिनिटं तिथेच उभ्याने बोला आणि सापडलेली उणीव त्याच दिवशी दूर करा. चावी सिलिंडरला साखळीने बांधायला स्टोअरच्या इंडेंटची वाट बघावी लागत नाही. ट्रॉलीची यादी रोज सकाळी तपासून सही करायचं काम डीआरपीच्या रेसिडेंटला आणि ड्युटीवरच्या सिस्टरला मिळून द्या, आणि तीन महिने संपताना पुढच्या तुकडीला ती ट्रॉली त्यांनीच उघडून समजावून द्यावी.